आम्ही दोघं, दोनदा

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो टेबलाखाली होता, आणि मी त्याच्या डोक्यात हार्ड डिस्क घालायच्या बेतात होते. मुद्दाम नाही हो! खाली कुणी असेल हे मला काय माहीत?

आमच्या ऑफिसातल्या टेस्टिंगच्या खोलीत माझ्याशिवाय सहसा कुणी फिरकत नाही. उघड्या पोटाची जुनी मशीन, वायरींचं जंजाळ, आणि फिरतो कमी, कुरकुरतो जास्त असा एक पंखा. त्या दिवशी बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि मी तणतणतच आत शिरले. टेबलाच्या कडेवर मला हवी असलेली डिस्क होती, पण तिची वायर कशाततरी गुंतली होती. मी ओढली. येईना. मग दोन्ही हातांनी ओढली.

“सावकाश... अहो, सावकाश!” टेबल बोललं.

मी किंचाळले. डिस्क घसरली. खालून एक हात बाहेर आला आणि त्याने ती अलगद झेलली. मग हातामागून कोळिष्टक लागलेले केस आले, वाकडा झालेला चष्मा आला, आणि त्यामागून तो आला. उभा राहिला तो सरळ पंख्यापर्यंतच.

“तुम्ही... मोडतोड ना?” त्याने विचारलं.

ऑफिसात मला मोडतोडच म्हणतात. आम्ही कॉम्प्युटरची एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतो. जुन्या, थकलेल्या मशीनवर चालणारी, शाळांमधून, दवाखान्यांमधून, घरोघरी वापरली जाणारी. बाकीचे ती बनवतात आणि मी ती मोडून दाखवते. त्याचा मला पगार मिळतो.

“हो. आणि तुम्ही कोण?”

“मी... पार्टिशनची स्क्रीन लिहितो.”

माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

सांगते का ते. नवीन सिस्टिम टाकताना डिस्कचे कप्पे पाडावे लागतात, त्याला पार्टिशन म्हणतात. बरेच लोक ‘तुमचं तुम्ही काय ते करा’ म्हणून मोकळे होतात. पण काहींना आपल्या हाताने कप्पे पाडायचे असतात. हा एवढा, तो तेवढा, ह्याचं नाव हे, ह्यातलं सगळं राहू द्या, तो पुसून टाका. ही हाताने पाडायची वाट तपासणं हे माझं काम. त्यात बाकी काही चुकलं तरी चालेल, एक चुकून चालत नाही: ‘राहू द्या’ म्हटलेलं राहिलंच पाहिजे. तर ही स्क्रीन लिहिणारा माणूस आमच्या दुसऱ्या गावच्या ऑफिसात बसायचा. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. आणि पाहिलं नव्हतं म्हणून कितीतरी महिने मी बगच्या, म्हणजे चुकांच्या, नोंदींमध्ये त्याची यथेच्छ खरडपट्टी काढत होते.

“‘हे बटण इथे कुणी ठेवलं? घरी विचारून ठेवलं का?’” तो चष्मा पुसत शांतपणे म्हणाला. “हे तुमचंच ना?”

“म्हणजे... त्या दिवशी जरा...”

“‘एकदा पुढे गेलं की नाव बदलता येत नाही. माणसाचा विचार बदलतो, हे स्क्रीन लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नाही वाटतं.’ हे तर मला पाठच आहे.”

“तुम्ही पाठ करून ठेवलंय?”

“मी नाही, आईने. मी घरी वाचून दाखवायचो ना. ती रोज विचारायची, आज बाईंनी काय लिहिलंय?”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. त्याच्या आईला! एका अनोळखी बाईला माझा तोंडाळपणा रोज संध्याकाळी वाचून दाखवला जात होता. मी मान खाली घातली. तर त्याने ती डिस्क दोन्ही हातांत धरून माझ्यापुढे केली.

“घ्या. आता ओढू नका, सुटलीय,” तो म्हणाला. मी वर पाहिलं तर हसत होता. अगदी थोडंसं, डाव्या बाजूने.

त्याची बदली आमच्या ऑफिसात झाली होती. मोठ्या हॉलमध्ये जागा होईपर्यंत त्याला टेस्टिंगच्या खोलीत माझ्या शेजारचं टेबल मिळालं. बोलायला सावकाश, चालायला सावकाश. चहाचा कप उचलायचा तोसुद्धा आधी कान नीट धरून, मग बशी पाहून, मग. दोन दिवसांत हॉलमधल्या मंडळींनी त्याचं बारसं केलं: सावकाश. मी उभ्याउभ्या घोट घेऊन कप ठेवलासुद्धा असायचा, आणि हा अजून फुंकर घालतोय. सुरुवातीला मला इतका वैताग यायचा! मग यायचा बंद झाला. मग मीही बसून चहा प्यायला लागले. कधीपासून, ते मला विचारू नका.

“तुम्ही एंटर इतक्या जोरात का मारता?” एकदा त्याने विचारलं.

“त्याला कळावं म्हणून.”

“कुणाला?”

“स्क्रीन लिहिणाऱ्याला.”

“कळतं हो त्याला...” तो आपल्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. “शेजारीच बसलाय तो.”

त्या दिवसापासून माझा एंटर हळू झाला. हॉलमधल्या एकीने येऊन विचारलंसुद्धा, तब्येत बरी आहे ना?

आता नावांचं सांगायला हवं. प्रत्येक टेस्टला पाडलेल्या कप्प्यांना नावं द्यावी लागतात, आणि शेवटी मशीनच्या मालकाचं नाव टाकावं लागतं. बाकीचे लिहितात ‘टेस्ट एक’, ‘टेस्ट दोन’. मला नाही जमत. दिवसभर तेच ते करायचं आणि वर नावंही तीच? डोकं फिरेल. माझे कप्पे असायचे ‘मॅडमचा राग’ (हा सगळ्यात मोठा), ‘पगारवाढ’ (हा कायम रिकामा). कुणी वाचत नाही, संध्याकाळी सगळं पुसून टाकायचं असतं. त्यामुळे हात मोकळा.

आणि मोकळा हात कुठे जातो बघा. एका दुपारी मी लिहिलं ‘दोन कप’. मग एकदा ‘डाव्या बाजूचं हसू’. आणि एकदा, तो खिडकीशी उभा राहून पावसाकडे बघत होता, त्याच्या शर्टाची कॉलर मागे दुमडली होती आणि ती सरळ करायला माझे हात शिवशिवत होते... त्या दिवशी मी कप्प्याचं नाव लिहिलं ‘आम्ही दोघं’. मालकाचं नाव काय? मी इकडेतिकडे पाहिलं. आणि लिहिलं ‘सौ. सावकाश’.

लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटून कानापर्यंत तापले. कॉलेजातल्या पोरी वहीच्या मागच्या पानावर करतात तसले उद्योग! पण पुसलं नाही. म्हटलं, राहू दे रात्रभर. कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशीची टेस्ट दोन डिस्कची होती. जुनी डिस्क कालचीच. तिच्यावरचा कप्पा आणि त्यात ठेवलेले नमुन्याचे फोटो राहू द्यायचे. नव्या डिस्कवर नवा कप्पा पाडायचा आणि तो पुसून कोरा करायचा. मी भराभर सगळं भरलं, हात आपोआप चालत होता, आणि पुढे गेले. सिस्टिम छान सुरू झाली. जुना कप्पा उघडला.

रिकामा! फोटो साफ. आणि जो पुसायचा होता त्याला धक्कासुद्धा नाही.

मी खुर्चीतच उडाले. ‘राहू द्या’ म्हटलेलं पुसलं गेलं! असला बग टेस्टरला वर्षानुवर्षं सापडत नाही.

“काय झालं?” शेजारची खुर्ची सरकली. तो उठून येत होता. आणि माझ्या समोरच्या स्क्रीनवर, चांगल्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘स्वागत आहे, सौ. सावकाश.’

मी प्लग खेचला. बटण नाही दाबलं हां, भिंतीतून प्लगच खेचला. खोलीतली निम्मी मशीन त्याबरोबर गेली.

“वायर... सैल होती,” मी म्हटलं.

“लागलं का तुम्हाला?” त्याने विचारलं, आणि माझा हात उलटा करून पाहिला. बोटं गार होती त्याची. मला त्या क्षणी रडूच आलं असतं.

तो चहा आणायला गेला तेवढ्यात मी मशीन परत चालू केलं. इन्स्टॉल करताना आपण काय काय केलं ते मशीन आपणहून लिहून ठेवतं, त्याला लॉग म्हणतात. बगच्या नोंदीला तो जोडायचाच असतो, त्याशिवाय बग शोधायचा कसा? पण त्यात एकूण एक नाव येतं. मी तो लॉग पेनड्राइव्हवर घेतला. पुरावा फेकवत नाही माझ्याच्याने, सवयच तशी आहे. पेनड्राइव्ह पर्समध्ये खोल ढकलला, मशीन कोरं केलं, आणि सभ्य नावं देऊन तीच टेस्ट पुन्हा केली.

सगळं व्यवस्थित. पुन्हा केली. व्यवस्थितच. बग गायब.

नावांमुळे काही होत असेल का, हा विचार आला नाही असं नाही. आला होता. पण मी त्याला दारातूनच परत पाठवला, कारण तो आत आला असता तर त्याच्या मागोमाग सौ. सावकाशही आत आली असती. म्हणून मी नोंद केली: ‘राहू द्या म्हटलेला कप्पा पुसला गेला. लॉग नाही.’ माझ्या हातची लॉग नसलेली ती पहिली नोंद.

“लॉग नाही?” त्याने ती वाचून विचारलं.

“मशीन पुसलं ना मी. सवयीने.”

“बरं. नावं काय दिली होती?”

“नेहमीचीच. टेस्ट एक, टेस्ट दोन.”

“तुम्ही? टेस्ट एक, टेस्ट दोन?”

“का? मी साधी नावं देऊ शकत नाही का? की त्यालाही तुमची परवानगी लागते?”

“तसं नाही...” तो वरमला. “द्या ना. देऊ शकता.”

चोर तो चोर आणि वर मीच डोळे वटारले. तो मात्र गुपचूप कामाला लागला. माझ्या शेजारी बसून टेस्ट एक, टेस्ट दोन देत त्याने ती टेस्ट किती वेळा केली असेल याला गणती नाही. कोड वरून खाली वाचला, खालून वर वाचला. मधेच विचारायचा, “नावं नक्की तीच होती ना?” आणि मी मान हलवायचे. चहा गार व्हायला लागला. डाव्या बाजूचं हसू दिसेनासं झालं.

“जाऊ द्या ना,” मी एकदा म्हटलं. “एकदाच तर दिसला.”

“आईच्या मशीनवर बाबांचा आवाज आहे,” तो म्हणाला. “बाबा गेले त्याच्या आधीचा, असाच कधीतरी रेकॉर्ड केलेला. बाजारातून काय आणू, किल्ली कुठे ठेवलीस, असलंच काहीतरी बोलतायत. ती रोज लावते. आपली नवीन आवृत्ती आली की मी पहिली तिच्या मशीनवर टाकतो. आजवर ‘राहू द्या’वर बोट ठेवताना मला कधी विचार करावा लागला नाही.”

मी पर्सची चेन गच्च ओढून घेतली. घरी गेले, जेवायला बसले, तर बोटं नुसती भातात फिरत होती.

“ताटात काय चित्रं काढतेस?” आई म्हणाली. “काही मोडलंस का ऑफिसात?”

“मोडणं माझं कामच आहे, आई.”

“मग तोंड का असं? मोडून कधी लाजली नाहीस तू. लहानपणी घड्याळ खोललंस तर सगळे स्क्रू घेऊन स्वतःच आली होतीस माझ्याकडे, ‘हे बघ, मी केलं’ म्हणून.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “ह्या वेळी स्क्रू लपवलेस वाटतं.”

मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले.

आवृत्ती बाहेर जायच्या आधी मॅडम सगळ्यांना हॉलमध्ये बसवतात. मॅडम म्हणजे आमच्या ऑफिसच्या प्रमुख. चष्म्यावरून बघतात आणि समोरचा आपोआप उभा राहतो. माझ्या बगवर त्यांचं बोट थांबलं.

“एकदाच दिसला, लॉग नाही, पुन्हा कुणाला दिसला नाही. बंद करा हा.”

“नको मॅडम,” सावकाश उभा राहिला.

“का?”

“त्यांनी पाहिलाय.”

“अहो, चूक झाली असेल तिची. माणूस आहे.”

“मॅडम, मी कितीतरी महिने त्यांच्या शिव्या वाचतोय. सगळ्या लागल्या, पण एकही खोटी नव्हती. त्या खोटं लिहीत नाहीत. मी ह्या आवृत्तीला हो म्हणणार नाही.”

“आणि तारीख चुकली तर? वर उत्तर कोण देणार?”

“मी देईन.”

सगळे माझ्याकडे बघत होते. आता मी काहीतरी ठणकावून बोलणार, अशी त्यांना खात्री. मी टेबलाचा कोपरा नखाने खरवडत बसले. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. हॉलभर हसू झालं असतं तरी एवढी वाटली नसती. ह्या माणसाने सगळ्यांदेखत माझ्या शब्दावर आपली मान पणाला लावली होती, आणि माझा शब्द पोकळ होता. मॅडमनी एक दिवसाची मुदत दिली. मी सगळ्यांच्या आधी उठून टेस्टिंगच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

तो लॉग मी तोवर वाचलाच नव्हता! एवढे दिवस जवळ बाळगला, पण उघडला नाही, स्वतःचीच अक्षरं बघवणार नाहीत म्हणून. आता उघडला. दात आवळून ओळीमागून ओळ वाचत गेले. जुनी डिस्क, कप्पा: आम्ही दोघं. राहू द्या. नवी डिस्क, कप्पा: आम्ही दोघं. पुसा.

अगं बाई!

दोन्हीकडे एकच नाव. आणि मशीनने पुसायच्या वेळी कप्पा नुसत्या नावाने शोधला होता. पहिला सापडला तो जुना, म्हणून तोच पुसला. एवढी साधी गोष्ट, आणि लाजेपायी मी ती पर्समध्ये कोंबून फिरत होते.

खात्री करायला मी मशीन लावलं. ह्या वेळी दोन्हींना नाव दिलं ‘घर’. चालवलं. जुना ‘घर’ साफ. सापडला!

आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की मी सुटले. आता फक्त लिहायचं, ‘दोन कप्प्यांना एकच नाव दिलं की असं होतं.’ ‘घर’चा सभ्य लॉग जोडायचा. सौ. सावकाश कुणाच्या बापाला कळणार नाही. पेनड्राइव्ह कोरा केला की विषय संपला.

दार उघडून तो आत आला. मी नुसतं स्क्रीनकडे बोट दाखवलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मोठ्याने हसला. त्याला मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

“एकच नाव! मूर्ख मी! कोडमध्ये मी स्वतः लिहून ठेवलंय, बघा... ‘दोन कप्प्यांना एकच नाव कुठला शहाणा देणार?’” त्याने आनंदाच्या भरात माझं मनगट धरलं होतं आणि ते त्याच्या लक्षातही नव्हतं. “पण तुम्हाला सुचलं कसं?”

‘सहज’ हा शब्द अगदी जिभेवर होता. आईचे ते स्क्रू डोळ्यांपुढे आले.

“सुचलं नाही,” मी म्हटलं. “मला... माझ्याकडे होतं. पहिल्या दिवसापासून.” मी मनगट सोडवून घेतलं आणि पेनड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवला. “हा त्या दिवशीचा लॉग. मी खोटं बोलले.”

“आत्ता वाचू?”

“मी बाहेर जाते, मग... नाही. माझ्यासमोरच वाचा.”

तो वाचायला बसला. सावकाश! देवा रे, किती सावकाश वाचावं माणसाने! मी भिंतीला टेकून उभी, नजर कुरकुरणाऱ्या पंख्यावर. त्याचं बोट थांबलं तेव्हा पंख्याकडे बघूनही मला कळलं, कुठल्या ओळीवर थांबलं ते. त्याचे कान लाल झाले. मग त्याने उरलेल्या ओळीही वाचल्या.

“मी विचारलं होतं,” शेवटी म्हणाला. “पुन्हा पुन्हा विचारलं होतं.”

“हो.”

“तुम्ही माझ्या शेजारी बसून बघत होतात.”

“हो.”

“आणि आज मी तिथे सगळ्यांसमोर...”

“म्हणूनच देतेय. नाहीतर दिला नसता कधी. घाबरट आहे मी... आणि ती नावं खरी आहेत. तेवढी खरी आहेत.”

त्याने पेनड्राइव्ह काढला, टेबलावर अलगद ठेवला, आणि निघून गेला. दारसुद्धा आपटलं नाही त्याने. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

संध्याकाळपर्यंत त्याने बग दुरुस्त करून पाठवला. सोबत एक अक्षर नाही. मी तपासला. दोन्ही ‘घर’, जुनं राहिलं, नवं पुसलं, चोख. ‘बरोबर आहे’ एवढंच लिहिलं. शेजारचं टेबल रिकामं होतं. त्याला हॉलमध्ये जागा मिळाली होती, आणि सामान तो माझ्या चहाच्या वेळेत नेऊन गेला होता. घरी गेल्यावर मी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि सगळे स्क्रू काढून दिले. ती केसांतून हात फिरवत राहिली. फक्त ‘सौ.’ला खुदकन हसली, तेव्हा मी उशीने तिला मारलं.

सकाळी ऑफिसात पाय टाकला तर हॉलमध्ये हशा पिकलेला.

“सावकाश, अहो काय हे!” कुणीतरी ओरडलं.

वाचताना माझ्या लॉगची प्रत काढून घेतली असणार. दाखवला! ह्याने सगळ्यांना दाखवला! मी तशीच टेस्टिंगच्या खोलीत गेले आणि ती नोंद उघडली. माझ्या ‘बरोबर आहे’च्या खाली त्याची नवी ओळ होती: ‘मीही तपासून पाहिलं. लॉग जोडला आहे.’ चुकून माझाच लॉग जोडला असेल म्हणावं, तर हा माणूस असल्या चुका करणारा नव्हे. मी लॉग उघडला.

जुनी डिस्क, कप्पा: आम्ही दोघं. राहू द्या. नवी डिस्क, कप्पा: आम्ही दोघं. पुसा. मालकाचं नाव: श्री. मोडतोड.

मी ते वाचलं. चष्मा नाही मला, तरी डोळे चोळून वाचलं. माझा लॉग कुणी पाहिलेला नव्हता. हॉलमधल्या लोकांच्या लेखी वेडा झाला होता तो एकटाच.

मी हॉलमध्ये गेले. तो आपल्या नव्या जागी पाठ ताठ करून बसला होता, कान असे लाल की हात शेकून घ्यावेत. आजूबाजूचे कीबोर्ड एकदम थांबले.

“हे काढा तिथून,” मी हळू आवाजात म्हटलं. “सगळे हसतायत तुम्हाला.”

“काढता येत नाही. एकदा पुढे गेलं की...”

“...नाव बदलता येत नाही.”

“तुमचीच तक्रार आहे. मला पाठ आहे.”

“तुम्ही रागावला होतात ना?”

“आहे अजून,” तो म्हणाला. “थोडा उरलाय. जाईल... सावकाश.” मग डाव्या बाजूने, अगदी थोडंसं, हसला. “आई विचारत होती, बाई हल्ली काही लिहीत का नाहीत म्हणून. तिला काय सांगू?”

मी त्याच्या शेजारची खुर्ची ओढली, पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि त्याच्याच मशीनला लावला.

“काय करतेस?” तो म्हणाला. ‘करतेस’ म्हणाला!

“काम अर्धवट राहिलंय माझं.”

नोंद उघडली. त्याच्या ओळीखाली लिहिलं: ‘मूळ लॉग उशिरा जोडत आहे. आधी “नाही” म्हटलं ते खोटं होतं. चूक माझी.’ सौ. सावकाशसकट अख्खा लॉग जोडला. हॉलमध्ये मॅडम, चष्म्यावरून. चहावाल्या मावशी, किटली हातात धरून. सगळे बघत होते. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. मी बोट वर उचललं आणि एंटर असा हाणला की त्याचा कप बशीत उडाला.

 मग एकेका मशीनवर ती नोंद उघडत गेली आणि जो गलका झाला म्हणता!

“इतक्या जोरात?” त्या गलक्यात तो माझ्याकडे वाकून म्हणाला.

“त्याला कळावं म्हणून.”

“कुणाला?”

“स्क्रीन लिहिणाऱ्याला.”

“कळलं,” तो म्हणाला, आणि टेबलाखाली माझं मनगट धरलं. ह्या वेळी त्याच्या चांगलं लक्षात होतं.